अकरा अर्धवट विमानं आणि एक अडलेली पायरी

ओझरकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. बालपण नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानांचा कारखाना) वसाहतीत गेलं, म्हणून या टिपणापुरतं हे नाव. वय ४३, नोकरी हिशेब खात्यात, बिऱ्हाड डोंबिवलीत. घरात पत्नी, सातवीतली मुलगी आणि वर्षातले काही महिने वडील. छंद प्लास्टिकची स्केल मॉडेल्स जोडण्याचा, त्यातही विमानांचा. तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "उत्साहच राहिला नाही. रात्री जेवण झालं की खोकं उघडतो, भागांची चौकट, म्हणजे स्प्रू, हातात घेऊन बघतो आणि परत ठेवून देतो. तीन वर्षांत एक विमान पुरं झालेलं नाही." तक्रारीसोबत कारणंही त्यांनी आणली होती: लोकलचा प्रवास, चाळिशी, मोबाइल.

मी या छंदात त्यांच्याहून थोडा जुना, एवढाच माझा अधिकार. २०२४ च्या जुलैत आमचं हे एकत्र काम सुरू झालं आणि २०२५ च्या डिसेंबरापर्यंत चाललं. नाव सोडून बाकी तपशील त्यांच्या संमतीने देतो आहे.

कपाटात काय होतं

कपाटात दोन प्रकारचा माल होता. वरच्या तीन फळ्यांवर न उघडलेली किट्स: तमिया, एडुआर्ड, एअरफिक्स, झ्वेझ्दा या कंपन्यांची. मॉडेलवाले याला स्टॅश म्हणतात आणि त्याबद्दल थोडं लाजत बोलतात. ओझरकरांना अपराधी वाटत होतं ते याच फळ्यांकडे बघून. मला तिथे काळजीचं काही दिसलं नाही. खालच्या फळीवर मात्र काम सुरू करून सोडून दिलेली अकरा किट्स होती. ती सगळी जेवणाच्या टेबलावर मांडायला सांगितली आणि प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट विचारली: यावर शेवटचं काम कोणतं केलंत?

सात किट्समध्ये कॉकपिट तयार होतं, फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन्ही अर्धे जोडलेले, पंख बसवलेले, सांधे पुट्टीने भरून घासलेले. पुढची पायरी प्रायमरची, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराची. सातही तिथेच थांबली होती. आणखी दोघांवर प्रायमर मारून झाला होता, कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेवर, मास्किंग टेपही होती, पण ती इतकी जुनी की तिचा चिकटा काचेवर उतरला होता. एकाच्या लँडिंग गिअरचा पाय हरवला होता. अकरावं मिग-२१. त्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

कॉकपिटं मात्र थांबून बघावीत अशी होती. १/४८ मापाच्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) खुर्चीवर शिशाच्या पातळ पत्र्याचे पट्टे कापून लावलेले, त्यांना बकल, डायलच्या काचेवर वार्निशचा एकेक थेंब. उत्साह संपलेला माणूस रात्री अकरा वाजता भिंग लावून हे करत बसत नाही.

मग शोकेसकडे वळलो. तिथे चार पूर्ण झालेली विमानं होती. चारही हातब्रशने रंगवलेली, आणि चारही एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन, घेण्याच्या आधीची. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर घरात आल्यापासून एकही विमान शोकेसपर्यंत पोहोचलं नव्हतं. हे मी बोलून दाखवल्यावर ओझरकर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण एअरब्रश तर सुधारण्यासाठी घेतला ना!"

तीच पायरी का

एअरब्रश वाईट नाही. पातळ, एकसारखा थर हवा असेल, विशेषतः चंदेरी धातूचा रंग, तर त्याला पर्याय नाही. प्रश्न डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तो चालवायचा कसा, हा होता. कॉम्प्रेसर पलंगाखालून ओढायचा, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, टेबल लावायचं, रंग पातळ करायचा, दहा मिनिटं फवारायचं, मग एअरब्रश सुटा करून सुई आणि नोझल धुवायचं, सगळं पुन्हा पलंगाखाली ढकलायचं. दहा मिनिटांच्या कामामागे दीड तास. शिवाय थिनरचा वास शेजाऱ्यांकडे जातो म्हणून आधी एकदा बोलाचाली झालेली. त्यामुळे रंगाचं काम कायम 'मोकळ्या रविवारा'साठी राखून ठेवलेलं, आणि दोन माणसं कामाला जाणाऱ्या घरात मोकळा रविवार येतो कुठे?

दुसरी गोष्ट भीतीची. जोडणीतली चूक घासून काढता येते, पुन्हा भरता येते. रंगाची चूक म्हणजे महिनाभराचं काम मातीत, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जितकं कॉकपिट सुंदर, तितका प्रायमरचा पहिला फवारा अवघड. स्वतःच्याच कौशल्याने त्यांनी पुढची पायरी उंच करत नेली होती.

तिसरी गोष्ट हवेची, आणि मॉडेलिंगच्या सूचनापत्रकांत ती सहसा नसते, कारण ती पत्रकं जपान, ब्रिटन नाहीतर चेक प्रजासत्ताकातून येतात. कोकणपट्टीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असतो. लॅकर रंगातलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि त्या थंड पृष्ठभागावर हवेतली वाफ बारीक पाण्याच्या रूपात उतरते. थर दुधाळ होतो. मॉडेलवाले याला ब्लशिंग म्हणतात. कॉम्प्रेसरच्या नळीतही पाणी साचतं आणि मध्येच थेंब उडतो. ओझरकरांनी एअरब्रश घेतला तो जूनमध्ये. पहिला प्रयोग जुलैत केला, ग्लॉस वार्निश पांढरं पडलं, आणि 'आपल्याला जमत नाही' असा निकाल त्यांनी त्याच दिवशी लावून टाकला. हात कच्चा होता हे खरं, पण त्या दिवशी मुरलेल्या माणसाचंही वार्निश पांढरं पडलं असतं.

म्हणजे उत्साह जोडणीपर्यंत शाबूत होता. तो रंगाच्या दारात अडकत होता, आणि दर वेळी तिथून माघारी फिरून नव्या खोक्याकडे जात होता. नवं खोकं म्हणजे पुन्हा कॉकपिट, म्हणजे जे आधीच उत्तम येतं त्याचाच आणखी सराव. व्हायोलिन शिकणाऱ्या बर्लिनमधल्या विद्यार्थ्यांवर अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा एक गाजलेला अभ्यास आहे. त्यातून पुढे 'इतके हजार तास घातले की झालं' असा सोपा अर्थ लोकांनी काढला. एरिक्सन यांचा रोख कमकुवत जागा नेमकी ओळखून तिच्यावरच घेतलेल्या सरावावर होता. ओझरकरांचे तास भरपूर भरले होते, पण बहुतेक सगळे मजबूत जागेवर.

किल्ल्याची तारीख

निदान कळलं म्हणून रंग सुरू होत नाही. त्या संध्याकाळी चहा घेताना वडील ओझरच्या दिवाळीबद्दल बोलत होते. वसाहतीत बिल्डिंगवार किल्ले व्हायचे. विटा, दगड, त्यावर ओली पोती, पोत्यांवर माती, तटबंदी, हळीव पेरून उगवलेली हिरवळ, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणाचं काही म्हणणं नसे.

"त्यातले अर्धवट किती राहिले?" मी सहज विचारलं.

ओझरकर हसले. "एकही नाही. राहील कसा? वसुबारसेला महाराज सिंहासनावर बसलेच पाहिजेत."

"आणि दर वर्षी तोच किल्ला?"

"छे! एका वर्षी तळं केलं, त्याला सलाइनच्या नळीने पाणी. पुढच्या वर्षी गोमुखी दरवाजा. मग चोरदिंडी."

आमचं पुढचं दीड वर्ष या दोन वाक्यांवर उभं राहिलं. किल्ल्याला तारीख होती, ती कुणी पुढे ढकलू शकत नव्हतं, आणि दर वर्षी नवीन गोष्ट एकच असायची. बाकी सगळं गेल्या वर्षीसारखं, हात बसलेलं. सगळं एकदम सुधारायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी सातवीतला किल्ला तिसरीतल्या किल्ल्यापेक्षा कितीतरी चांगला झालाच.

तारीख ठरली: वसुबारस, २८ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी एक विमान शोकेसमध्ये, जसं असेल तसं.

पहिलं विमान

अकरांपैकी कोणतंही घ्यायचं नाही, असं मी सुचवलं. त्यांच्यात आधीच फार जीव गुंतला होता. स्टॅशमधून एअरफिक्सचं १/७२ चं स्पिटफायर निघालं. छोटं, थोड्या भागांचं. एअरफिक्सचा विमानांचा प्रवास १९५० च्या दशकात स्पिटफायरपासूनच सुरू झाला, आणि आजही सुरुवातीला द्यावं असं याहून चांगलं विमान मला माहीत नाही. पंख खालून एकसंध, त्यामुळे दोन्ही बाजूंचा कोन आपोआप बरोबर येतो. फ्यूजलाजचा सांधा सरळ. अवघड जागा एकच, पंखाच्या मुळाशी.

नियम चारच होते. खोक्यात आहे तेवढंच वापरायचं, वरून पट्टे-बिट्टे नाहीत. रंग हातब्रशनेच. नवीन शिकायची गोष्ट एकच: सांधा दिसेनासा करणं. आणि कॉकपिटला फक्त दोन संध्याकाळी. या शेवटच्या नियमावर ओझरकर भांडले. "आत काहीच करायचं नाही म्हणजे काय?" करायचं, पण बंद कॅनॉपीतून १/७२ मध्ये जेवढं दिसतं तेवढंच.

सांध्यासाठी त्यांची सवय पुट्टी थापून दुसऱ्या दिवशी घासायची. पुट्टी सुकताना आक्रसते आणि सांध्यावर बारीक खाच पुन्हा उगवते. त्याऐवजी बारीक फटीसाठी सुपरग्लू वापरायला सांगितलं, मात्र बसल्यावर लगेच घासायचा, कारण रात्रभर राहिला तर तो भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होतो आणि मग सांध्याऐवजी बाजूचं प्लास्टिक झिजतं. कागद ४०० पासून, मग ६००, मग १०००. घासताना पुसलेल्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेषा, पुन्हा कोरायच्या. शेवटी सांध्यावर चंदेरी रंगाचा पातळ हात, कारण चंदेरी रंग काहीच लपवू देत नाही. पहिल्या तपासणीत डाव्या पंखाच्या मुळाशी खाच दिसली. भरली, घासली, पुन्हा चंदेरी. मग जमलं.

हातब्रशच्या रंगात फटकारे दिसले. खालच्या बाजूला तर स्पष्टच. शिवाय डिकल्स, म्हणजे चिकटवायची चिन्हं, बिनचमकीच्या मॅट रंगावर थेट लावल्याने त्यांच्या पारदर्शक कडांखाली हवा अडकली आणि प्रकाशात ती चमकायला लागली, ज्याला सिल्व्हरिंग म्हणतात. आधी चकचकीत ग्लॉसचा थर द्यायला हवा होता, मग डिकल, मग ते मऊ करून बसवणारा सॉफ्टनर, मग हवं तर मॅट. हे मला माहीत होतं आणि मी मुद्दाम बोललो नाही, कारण ती या विमानाची गोष्ट नव्हती. पुढच्याची होती. वसुबारसेच्या संध्याकाळी स्पिटफायर शोकेसमध्ये गेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, याचं पोट झाडूने रंगवलंय." आई तिला ओरडली, पण टीका अचूक होती.

हिवाळा, आणि बळीचं विमान

नोव्हेंबरात हवा कोरडी होऊ लागली तसा एअरब्रश बाहेर निघाला. त्याआधी जागा बदलली. बाल्कनीच्या कोपऱ्यात घडीची फळी भिंतीला कायमची ठोकली, कॉम्प्रेसर तिच्याखाली कायमचा बसला, नळीवर पाणी पकडणारा फिल्टर लागला. एक्झॉस्टचा वास रस्त्याच्या बाजूला जाईल अशी नळी काढली. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण निष्काळजीपणा बराच बघितला आहे: धुळीसाठी मिळणारा साधा एन-९५ मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचे कार्ट्रिज लागतात. आणि ज्या पंख्याच्या मोटरमध्ये ठिणगी पडते तो लॅकरच्या वाफेच्या वाटेत ठेवू नये.

दीड तासाची मांडामांड आता दहा मिनिटांवर आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक परिणाम याचा झाला. मनाच्या तयारीबद्दल लोक पुष्कळ बोलतात, पलंगाखालच्या कॉम्प्रेसरबद्दल कुणी बोलत नाही.

ज्या किटचा लँडिंग गिअरचा पाय हरवला होता ते बळीचं विमान ठरलं. त्यावर फक्त रंग मारायचा, बिघडवायचा, काढायचा, पुन्हा मारायचा. तमियाचे साधे अॅक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघून येतात आणि पॉलिस्टायरीनला काही होत नाही. लॅकर तसा सुखासुखी निघत नाही, म्हणून सुरुवात अॅक्रिलिकने. एका रात्री अख्ख्या पंखाचा रंग कापसाच्या बोळ्याने पुसून निघाला आणि खालचं राखाडी प्लास्टिक जसंच्या तसं परत दिसलं. मला वाटतं भीती त्या रात्री सुटली. पुढे त्यांनी स्वतःच दोनदा मुद्दाम ओघळ आणून बघितले.

एका वहीत त्यांनी नोंदी ठेवल्या: रंग, थिनरचं प्रमाण, दाब, अंतर, हवेतला दमटपणा, निकाल. हिशेबनीसाचा हात, वही बघत बसावी अशी. महिनाभरात तिच्यातून दिसलं की खरखरीत, साखरेसारखा थर येण्याच्या नोंदी एकतर अंतर जास्त असताना होत्या किंवा रंग पुरेसा पातळ नसताना. थर विमानावर पोहोचण्याआधीच हवेत सुकत होता. अंतर कमी केलं, दाब पंधरा-अठरा पीएसआयच्या आसपास आणला, लॅकरला रिटार्डर (रंग सावकाश सुकवणारं द्रव्य) असलेलं लेव्हलिंग थिनर वापरलं. फेब्रुवारीअखेर सात अडकलेल्यांपैकी चार पूर्ण झाली. चारही उत्तम नव्हती. एकाचा प्रायमर जाड बसून कोरलेल्या रेषा बुजल्या होत्या. तेही शोकेसमध्ये गेलं.

एक गोष्ट फसली, तीही सांगायला हवी. मी त्यांना आठवड्यातल्या ठरावीक तीन संध्याकाळी बसायला सांगितलं होतं. ते दोन आठवडेही टिकलं नाही. लोकल उशिरा, मार्च महिना, हिशेबाची वर्षअखेर. चुकलेल्या संध्याकाळची टोचणी आणि त्यातून टेबल टाळणं, असं उलटंच सुरू झालं. वेळापत्रक सोडून दिलं आणि एक छोटी सवय लावली: उठण्याआधी पुढच्या वेळचं काम चिठ्ठीवर लिहून किटवर चिकटवायचं. "उजवा टँक घासणे, ६००." "चाकांचे टायर." पंधरा मिनिटं मिळाली तरी विचार न करता बसता येतं. ही युक्ती त्यांच्या पत्नीची. ती शाळेत शिकवते आणि पुढच्या तासाचा फळा आदल्या तासालाच ठरवते.

मिग

वडील ओझरच्या कारखान्यात होते. मिग-२१ चं परवाना उत्पादन तिथे साठच्या दशकात उभं राहिलं. त्याच्या आवृत्त्या एकामागून एक: एफएल, मग एम, मग बिस. ओझरकरांना एफएल करायचं होतं, १९७१ च्या युद्धात लढलेलं. किट मात्र एडुआर्डचं १/४८, पीएफएम या दुसऱ्या आवृत्तीचं. आणि इथे अकराव्या किटचा घोळ: पीएफएमवर समोरची काच स्थिर असते आणि मागची कॅनॉपी बाजूला उघडते. एफएलवर जुन्या पद्धतीने समोरच्या काचेसकट अख्खी कॅनॉपी पुढे उघडते. शेपटी मात्र पीएफएमसारखी रुंद. या एका काचेपायी ते किट चार वर्षं बंद होतं. संगणकात फोटोंचा मोठा फोल्डर तयार झाला होता, विमान मात्र पाच भागांच्या पुढे सरकलं नव्हतं.

तीन उपाय समोर होते. वेगळी कॅनॉपी मिळवून बसवणं, किटमधली कापून-जोडून काम भागवणं, किंवा पीएफएमचीच बंद ठेवून फ्रेमच्या रेषा शक्य तितक्या एफएलसारख्या रंगवणं. मी तिसऱ्याच्या बाजूने होतो. ओझरकर ठाम राहिले: वडिलांच्या विमानाला चुकीची काच नको. मग वेगळी कॅनॉपी मागवली, पण त्यासाठी इतर हट्ट सोडायचे असं ठरलं. कॉकपिट किटमधलंच, शस्त्रं किटमधलीच. नव्या गोष्टी या विमानात दोन: ती काच आणि चंदेरी पृष्ठभाग. एकाऐवजी दोन, म्हणून मी कुरकुरलो. ऐकलं गेलं नाही, ते बरंच झालं.

जोडणी पावसाळ्यात झाली. तोवर वर्षाचं चक्र बसलं होतं: आषाढ-श्रावणात जोडणी, घासकाम, कॉकपिट आणि हातब्रशची छोटी कामं, दिवाळीनंतर होळीपर्यंत फवारा. पावसाळा 'वाया जाणारा' म्हणून मोजणं बंद झालं. कोरड्या उन्हाळ्यातही एक अडचण निघाली, अॅक्रिलिक सुईच्या टोकावरच सुकत होता. थोडा रिटार्डर आणि मध्येमध्ये ओल्या बोळ्याने टोक पुसणं एवढ्यावर ते भागलं.

मग सप्टेंबर २०२५ आला. २६ तारखेला चंडीगडला हवाई दल मिग-२१ ला निरोप देणार होतं. १९६३ पासूनची सेवा संपणार होती. एफएल २०१३ सालीच निवृत्त झालं होतं, आता शेवटच्या बायसनची, म्हणजे सुधारलेल्या बिसची, पाळी. घरात रोज तोच विषय. ओझरकरांचा फोन आला, "२६ ला विमान बाबांच्या हातात द्यायचं आहे." मी म्हटलं, हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारं यंत्र) काय सांगतो? अठ्ठ्याऐंशी. थांबा म्हटलं. ते थांबले नाहीत.

उघड्या धातूसारखा पृष्ठभाग हा या छंदातला सगळ्यात निर्दय रंग. खाली चकचकीत काळा, तो आरशासारखा, त्यावर लॅकरमधल्या चंदेरीचे अतिशय पातळ थर. खालचा एक ओरखडा राहिला तरी वर तो दहापट दिसतो. काळा थर नीट बसला, म्हणजे हात तयार होता. चंदेरी उजव्या पंखावर नीट, डाव्यावर राखेसारखा, धुरकट. ब्लशिंग. २४ तारखेची रात्र.

एक वर्षापूर्वी हे खोकं कपाटाच्या खालच्या फळीवर गेलं असतं. या वेळी चिठ्ठी लागली: "डावा पंख, नोव्हेंबर." २६ तारखेला वडिलांनी टीव्हीवर समारंभ बघितला आणि टेबलावर एक धुरकट पंखाचं विमान. त्यांनी चष्मा वर करून ते फिरवून फिरवून बघितलं. मुलगा पंखाबद्दल सांगायला लागला तर ते म्हणाले, "अरे, तो पंख राहू दे रे. बाकीचंच जास्त खोटं दिसतंय. सगळीकडे सारखीच चमक कशी? पत्र्यापत्र्याला वेगळी असते. इथे इंजिनाजवळ तर काळसर, तापलेली."

नोव्हेंबरात दमटपणा उतरल्यावर डाव्या पंखावर लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारला. अडकलेली वाफ बाहेर पडली आणि बहुतेक धुरकटपणा निघून गेला, उरलेला चंदेरीच्या नव्या थराखाली गेला. मग मास्किंग टेपने एकेक पॅनल झाकून दोन-तीन वेगळ्या छटा, आणि शेपटीजवळ वडील शेजारी बसून सांगतील तितका काळसरपणा. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्यात कुणी तक्रार केली नाही. काच बसली, जराशी तिरकी. डिकल्स ग्लॉसवर लावल्यामुळे कुठे चमकल्या नाहीत.

आजची स्थिती

डिसेंबरअखेरचा हिशेब ओझरकरांच्या वहीत असा आहे: अकरांपैकी सात पूर्ण, बळीचं विमान अजून बळीच, दोन किट्स मुलीच्या मैत्रिणीच्या भावाला दिली, आणि एकावर अजून जुन्या टेपचा चिकटा तसाच. ही काच खरडून पॉलिश करायची की नवी मागवायची यावर आमचं एकमत नाही. मी म्हणतो २००० चा कागद, मग पॉलिश, मग चमकदार वार्निशमध्ये बुडवून काढायची. त्यांना वाटतं त्यापेक्षा सरळ नवी घ्यावी.

स्टॅश मात्र वाढला आहे. मिग पूर्ण झाल्याच्या आठवड्यातच १/३५० चं एक जहाज घरी आलं. खोकं दारातून आडवं आत जाईना, उभं करून न्यावं लागलं. पत्नीने विचारलं, हे कधी होणार? ते म्हणाले, पुढच्या पावसाळ्यात सांगाडा, आणि रेलिंगची जाळी शिकायची आहे ती आधी एखाद्या छोट्या बोटीवर. बोट कोणती, ते अजून ठरायचं आहे.